डीआरएस: दर मॅचला तेच ते विचारले जाणारे प्रश्न, एकदाच लिहून ठेवतोय

डीआरएस म्हणजे डिसिजन रिव्ह्यू सिस्टिम, अंपायरचा निर्णय पटला नाही तर टीव्हीवर परत तपासून मागायची सोय. मॅच चालू असताना कुठल्याही ग्रुपवर जा, तिसऱ्या-चौथ्या रिव्ह्यूला कोणीतरी विचारतंच की अरे बॉल तर स्टम्पला लागतोय मग नॉट आउट कसा, आणि मग पुढचा अर्धा तास मारामारी. दर वेळी तेच टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून हे एका जागी लिहितोय. यापुढे मी फक्त लिंक टाकणार.

थर्ड अंपायर आणि डीआरएस एकच ना?

नाही. थर्ड अंपायर जुना, डीआरएस त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. टीव्ही रिप्ले बघून निर्णय द्यायला सुरुवात झाली १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये, डर्बनला, भारत-साउथ आफ्रिका टेस्टमध्ये, आणि त्या पद्धतीने आउट झालेला जगातला पहिला बॅट्समन कोण तर आपला सचिन. रनआउट, ११ वर. विक्रम त्याच्या नावावर असायलाच हवा, मग तो असला का असेना!

पण तेव्हा टीव्हीकडे जायचं की नाही हे फक्त मैदानावरचे अंपायर ठरवायचे. प्लेयरला पटलं नाही तर चडफडत जायचं. १९८१ ला मेलबर्नला गावसकरांना लिलीच्या बॉलवर पायचीत दिलं, त्यांचं म्हणणं बॉल आधी बॅटला लागलाय, आणि ते इतके भडकले की चेतन चौहानला पण सोबत घेऊन मैदानाबाहेर निघाले होते. बाउंड्रीपाशी टीम मॅनेजरने चौहानला अडवलं म्हणून मॅच पुढे चालू राहिली (आणि आपण ती जिंकली पण). डीआरएसने नवीन काय आणलं तर प्लेयरला स्वतः 'मला हे मान्य नाही' म्हणायचा हक्क. २००८ ला भारत-श्रीलंका सिरीजमध्ये ट्रायल, आणि अधिकृतपणे नोव्हेंबर २००९, न्यूझीलंड-पाकिस्तान, ड्युनेडिन.

किती रिव्ह्यू मिळतात?

टेस्टमध्ये प्रत्येक टीमला एका इनिंगला ३, वनडे आणि टी-ट्वेंटीत २. रिव्ह्यू बरोबर निघाला तर शिल्लक राहतो, चुकला तर गेला. टेस्टला आधी २ च होते, २०२० ला कोविडमुळे न्यूट्रल अंपायर फिरवणं अवघड झालं तेव्हा एक वाढवून दिला तो तसाच राहिला. पूर्वी ८० ओव्हर झाल्या की टेस्टमध्ये रिव्ह्यू परत भरून मिळायचे, ते २०१७ पासून बंद. अजूनही काही लोक ८० ओव्हरची वाट बघत बसतात.

कोण मागू शकतं आणि किती वेळात?

बॉलिंग टीमकडून फक्त कॅप्टन, बॅटिंगकडून ज्याला आउट दिलंय तोच. १५ सेकंद. बॉलर, कीपर, समोरचा बॅट्समन, मैदानावरच्या कोणालाही विचारा, बाहेरून मात्र काही मदत घ्यायची नाही. २०१७ ला बंगळुरू टेस्टमध्ये स्टीव्ह स्मिथने आउट दिल्यावर सरळ ड्रेसिंग रूमकडे बघून इशारा मागितला, कोहली तिकडून धावत आला, अंपायर मध्ये पडले, आणि स्मिथ नंतर म्हणाला ब्रेन फेड झाला.

बाय द वे, सगळ्यात घातकी सल्ला बॉलरचा असतो. बॉलरला प्रत्येक बॉल प्लंबच (म्हणजे सरळसरळ पायचीत) वाटतो. कीपरचं ऐकावं, कारण तो लाइनमध्ये बसलेला असतो.

रिव्ह्यू घेतला की थर्ड अंपायर आधी नो-बॉलच का बघत बसतो? वेळ जातो ना.

कारण नो-बॉल असेल तर पुढचं सगळं बघायची गरजच नाही. मग बॅट लागली का ते, म्हणजे अल्ट्राएज (माइकमधला आवाज आणि व्हिडिओची फ्रेम जुळवून बघायचं तंत्र). बॅट लागली असेल तर पायचीतचा विषय संपला. त्यानंतर बॉल ट्रॅकिंग आणि त्यात पण क्रम ठरलेला, आधी टप्पा कुठे पडला, मग पॅडला कुठे लागला, मग स्टम्पला लागला असता का. टप्पा लेग स्टम्पच्या बाहेर असला की तिथेच खेळ खल्लास, मग तो मिडल स्टम्प उडवणारा असला तरी. आणि शॉट खेळत असताना बॉल ऑफ स्टम्पच्या बाहेर पॅडला लागला तरी नॉट आउट. हे दोन नियम डीआरएसचे नाहीत, पायचीतचेच आहेत, पण निम्मे लोक शिव्या डीआरएसला देतात.

अंपायर्स कॉल म्हणजे काय? आणि सेम बॉल एकदा आउट आणि एकदा नॉट आउट कसा काय?

आला मेन प्रश्न. नीट वाचा, कारण यावरच सगळी भांडणं आहेत.

पॅडला लागल्यावर बॉल पुढे कुठे गेला असता हे कोणी बघितलेलं नसतं, कारण तो गेलेलाच नसतो. स्क्रीनवर दिसतो तो अंदाज असतो. चांगला अंदाज, पण अंदाजच. मग ज्याने तो बनवला ते सॉफ्टवेअर आणि समोर उभा असलेला माणूस यांच्यात कोणाचं ऐकायचं? नियम असं म्हणतो की माणूस चुकलाय हे ठळक दिसत असेल तरच त्याचा निर्णय फिरवा, काठावरचं असेल तर त्याचं राहू द्या.

आता ठळक म्हणजे किती ते आकड्यात. बॉलचा व्यास साधारण ७.२ सेंटीमीटर. तिन्ही स्टम्प मिळून रुंदी ९ इंच म्हणजे २२.८६ सेंटीमीटर. अंपायरने नॉट आउट दिलंय आणि तुम्हाला ते फिरवायचंय तर निम्मा किंवा जास्त बॉल स्टम्पवर लागताना दिसला पाहिजे. अंपायरने आउट दिलंय आणि ते फिरवायचंय तर बॉल स्टम्पला जराही घासता कामा नये. म्हणजे दोन्ही बाजूंना अर्ध्या बॉलाएवढी, साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास, एक पट्टी राहते, आणि त्या पट्टीत जे काही पडेल ते अंपायर म्हणाला तेच. वरच्या बाजूला बेल्सपाशी पण तसंच. आणि बॉल पॅडला लाइनमध्ये लागला का, यात पण अंपायर्स कॉल असतो. टप्प्यात मात्र नसतो कारण टप्पा तर खरोखर पडलेला असतो, त्यात अंदाज कसला.

म्हणून सेम बॉल, एका अंपायरने बोट वर केलं तर आउट, दुसऱ्याने मान हलवली तर नॉट आउट. विचित्र वाटतं, मान्य. पण प्रश्नच वेगळा असतो. रिव्ह्यूमध्ये 'बॉल लागतोय का' असं विचारतच नाहीत, 'अंपायर नक्की चुकला का' असं विचारतात. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा राग जातो, उरलेला निम्मा आपल्या टीमच्या विरुद्ध गेला म्हणून असतो, त्याला इलाज नाही.

आणि पट्टी कायम एवढीच नव्हती. २०१६ च्या ऑक्टोबरपर्यंत अर्धा बॉल ऑफ आणि लेग स्टम्पच्या मधल्या रेषेच्या आत यावा लागायचा, तेव्हापासून बाहेरच्या कडेपर्यंत चालतं, म्हणजे बॉलरचा फायदा. २०२१ ला उंचीची मर्यादा पण वर सरकवली. शिवाय २०१७ च्या ऑक्टोबरपासून अंपायर्स कॉल आला तर रिव्ह्यू जात नाही. त्याआधी जायचा, आणि ते खरंच अन्यायाचं होतं.

२०११ वर्ल्ड कपला इयान बेल मिडल स्टम्पवर असून वाचला होता ना? तो पण अंपायर्स कॉल?

त्याचाच चुलतभाऊ. बंगळुरू, भारत-इंग्लंड, ३३८ वर टाय झालेली ती मॅच. युवराज बॉलिंगला, बेल बराच पुढे येऊन खेळलेला, अंपायर बोडेन नॉट आउट. रिव्ह्यूत बॉल स्टम्पवर, स्क्रीनवर ते बघून बेल स्वतः चालायला लागला होता! पण पॅडला लागला ती जागा स्टम्पपासून २.५ मीटरपेक्षा लांब होती आणि नियम असा होता की इतक्या लांबून अंदाजाची खात्री नाही, म्हणून अंपायरचा निर्णय कायम. धोनी नंतर जाम चिडला होता. पण तत्त्व तेच, जितकं लांबचं भाकीत तितका भरवसा कमी.

बॉल ट्रॅकिंगमध्ये गडबड करता येते का? एल्गरचा बॉल बघितला ना?

केप टाउन, जानेवारी २०२२. अश्विनचा बॉल, साउथ आफ्रिकेच्या एल्गरच्या पॅडवर, अंपायर इरॅस्मस, बोट वर. रिव्ह्यूत बॉल स्टम्पच्या वरून जाताना दाखवला. इरॅस्मसने स्वतः नकारार्थी मान हलवली आणि आपली पोरं स्टम्प माइकपाशी जाऊन काय काय बोलली ते सगळ्या जगाने ऐकलं. मी पण तेव्हा टीव्हीसमोर ओरडलो होतो, खोटं कशाला बोलू.

पण शांतपणे विचार केला तर डोळ्यांना उंची कळत नाही. लाइन कळते, उंची नाही. गुडघ्याच्या खाली लागला म्हणजे खालीच राहणार असं आपण धरून चालतो, पण बॅट्समन पुढे आलेला असतो, बॉलला बाउन्स असतो आणि तो वर चढतच असतो. स्टम्प ७१ सेंटीमीटर उंच. फार नाहीये ते, घरातल्या डायनिंग टेबलापेक्षा पण थोडं कमीच.

सिस्टिम कशी चालते ते बघा, मैदानाभोवती वेगवेगळ्या कोनात लावलेले कॅमेरे प्रत्येक फ्रेममध्ये बॉल शोधतात, सगळ्यांचं मिळून बॉलची हवेतली जागा ठरते, अशा जागा जोडून रस्ता तयार होतो आणि तोच रस्ता पुढे वाढवतात. हॉकआय (बॉल ट्रॅकिंगची हीच सिस्टिम) पहिल्यांदा २००१ ला टीव्हीवर दिसलं ते नुसतं प्रेक्षकांसाठी होतं, निर्णयासाठी नाही. कमकुवत जागा एकच, टप्पा आणि पॅड यात अंतर खूप कमी असेल, म्हणजे जवळजवळ यॉर्कर, तर टप्प्यानंतरचा रस्ता हातात फारच थोडा येतो. तिथे चूक व्हायला वाव जास्त. गडबड करतात म्हणणं वेगळं आणि चूक होऊ शकते म्हणणं वेगळं, आपले लोक दोन्ही एकाच श्वासात म्हणतात.

अल्ट्राएजवर स्पाइक आला म्हणजे बॅट लागलीच ना?

नाही! स्पाइक म्हणजे आवाज. कसला आवाज ते स्पाइक सांगत नाही. बॅट पॅडला घासली, जमिनीला लागली, काहीही असू शकतं. २०११ ला एजबॅस्टनला द्रविडला कॉट बिहाइंड दिलं, त्याने पण आवाज ऐकलेला, त्याला वाटलं लागली असेल, रिव्ह्यू न घेता निघून गेला. नंतर कळलं की आवाज बुटाच्या लेसच्या टोकाला जी प्लास्टिकची नळी असते ती बॅटला लागल्याचा होता. द्रविडच तो, दुसरा कोणी असता तर निदान रिव्ह्यू तरी घेतला असता.

म्हणून बघायचं असतं ते हे की स्पाइक आला त्या फ्रेममध्ये बॉल बॅटच्या शेजारी आहे का. आता जरा हिशोब करू. १४० किलोमीटरचा बॉल सेकंदाला जवळपास ३९ मीटर जातो. साध्या ५० फ्रेमच्या कॅमेऱ्यात एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत बॉल ७८ सेंटीमीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे बॅटच्या आधी एक फोटो आणि बॅटच्या नंतर एक, मधला गायब. ३४० फ्रेमच्या कॅमेऱ्यात हेच अंतर साडेअकरा सेंटीमीटरच्या आसपास येतं. शिवाय आवाजाला एक मीटर यायला साधारण तेवढाच वेळ लागतो जेवढा त्या कॅमेऱ्याच्या एका फ्रेमला लागतो, म्हणून स्पाइक एखाद फ्रेम मागे-पुढे दिसला तर लगेच बोंब मारू नका. भारताने २०१६ ला शेवटी होकार दिला त्यात या जास्त फ्रेमच्या कॅमेऱ्यांचा पण वाटा होता.

आणि स्पाइक नसताना आउट? जैस्वालला दिलं तसं?

मेलबर्न, ३० डिसेंबर २०२४. जैस्वाल ८४ वर, कमिन्सचा बाउन्सर, हुक करायला गेला, कीपरने पकडला, मैदानावर नॉट आउट. रिव्ह्यूत स्निको (आवाजाचा तोच स्पाइकवाला ग्राफ) एकदम सपाट, पण बॉल बॅट-ग्लोव्हजपाशी दिशा बदलताना डोळ्यांना दिसतोय. थर्ड अंपायर शर्फुद्दौला यांनी डोळ्यांवर भरवसा ठेवून आउट दिलं. नियमाने चालतं ते, स्निको हे पुराव्यांपैकी एक आहे, एकमेव नाही. माझं मत विचाराल तर लागलेली होती. पण मग मशीन ठेवायचं कशाला असं कोणी विचारलं तर त्यालाही मी वेडा म्हणणार नाही.

हॉटस्पॉट कुठे गेला?

महाग होता आणि बॅटची बारीक कड लागली तर ती त्याला दिसायची नाही. बॉल घासल्यावर जी उष्णता तयार होते ती इन्फ्रारेड कॅमेऱ्यात पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसायची, आयडिया भारी होती. २०११ ला ट्रेंट ब्रिजला लक्ष्मणच्या बॅटवर ठिपका आला नाही तर व्हॅसलिन लावलंय का अशी चर्चा इंग्लंडमध्ये सुरू झाली, बोला! आवाज आणि फ्रेम जुळवायचं तंत्र सुधारलं तसा हॉटस्पॉट मागे पडत गेला.

सॉफ्ट सिग्नल अजून आहे का?

२०२३ च्या जूनपासून नाही. झेल जमिनीलगत असला की आधी मैदानावरचा अंपायर ३०-४० यार्डांवरून 'मला वाटतं आउट' म्हणायचा आणि मग टीव्हीवर पक्का पुरावा नसला की तेच कायम. इतक्या लांबून त्याला काय कप्पाळ दिसणार. अर्थात टीव्हीचा पण लोचा आहेच, लांबच्या झूमने चित्र सपाट होतं, बोटं बॉलखाली असली तरी बॉल गवताला टेकल्यासारखा दिसतो, म्हणून स्लो मोशनमध्ये निम्मे झेल संशयास्पदच वाटतात.

भारताने इतकी वर्षं डीआरएस का नाकारलं?

२००८ ची ट्रायल. त्या सिरीजमध्ये श्रीलंकेचे ११ रिव्ह्यू यशस्वी झाले आणि आपला १. एक! त्यांचे स्पिनर मुरली आणि मेंडिस समोर, आपल्याला रिव्ह्यू कधी घ्यायचा ते कळेना, आणि तिथून जे मन फिरलं ते थेट २०१६ च्या राजकोट टेस्टपर्यंत. अधिकृत कारण असं की बॉल ट्रॅकिंगवर भरवसा नाही, आणि त्यात काही अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. गंमत म्हणजे याच काळात २०११ वर्ल्ड कप सेमीफायनलला मोहालीत अजमलच्या बॉलवर सचिनला पायचीत दिलं, डीआरएस होतं म्हणून रिव्ह्यू घेतला, बॉल लेगच्या बाहेरून, सचिन वाचला आणि ८५ केले. तेव्हा कोणी तत्त्वाचं बोललं नाही.

आउट दिलं, रिव्ह्यूत नॉट आउट निघालं, पण बॉल चौकार गेला होता, त्या ४ रन का नाही मिळाल्या?

अंपायरचं बोट वर गेलं की बॉल डेड. मग रिव्ह्यूत काही निघो, त्यानंतरच्या रन मिळत नाहीत. २०२४ टी-ट्वेंटी वर्ल्ड कप, न्यूयॉर्क, बांगलादेश-साउथ आफ्रिका: महमुदुल्लाहला पायचीत दिलं, बॉल पॅडला लागून बाउंड्रीपार, रिव्ह्यूत नॉट आउट, लेगबायच्या ४ रन गायब. बांगलादेश मॅच किती रनने हरला? ४. मला विचाराल तर आजच्या घडीला डीआरएसमधली सगळ्यात सडकी गोष्ट ही आहे, अंपायर्स कॉल नाही. पण याची बाजू पण आहे, बोट वर गेल्यावर फील्डर थांबतात, मग त्यांच्या डोक्यावर रन कशा चढवणार.

वाइड आणि नो-बॉलला रिव्ह्यू?

डब्ल्यूपीएल आणि आयपीएलमध्ये २०२३ पासून घेता येतो. इंटरनॅशनलमध्ये नाही. पायाचा नो-बॉल आता थर्ड अंपायरच बघतो, २०१९ च्या डिसेंबरमध्ये भारत-वेस्ट इंडिज सिरीजला त्याची ट्रायल झाली होती.

रिव्ह्यू संपलेले असतील आणि अंपायर ढळढळीत चुकला तर?

तर काही नाही, बसा बोंबलत. २०१३, ट्रेंट ब्रिज, ब्रॉडच्या बॅटची कड इतकी जाड की बॉल कीपरला लागून स्लिपमध्ये गेला, अलीम दार नॉट आउट, ब्रॉड जागचा हलला नाही, आणि ऑस्ट्रेलियाचे रिव्ह्यू आधीच फालतू ठिकाणी संपलेले. त्याच टेस्टची शेवटची विकेट, हॅडिन, इंग्लंडला रिव्ह्यूवर मिळाली कारण त्यांनी एक जपून ठेवला होता. इंग्लंड १४ रनने जिंकलं.

बरं यातून ऑस्ट्रेलिया शिकली असेल म्हणाल तर २०१९, हेडिंग्ले, परत इंग्लंडसमोर. शेवटची जोडी, लीचच्या पॅडवर लागलेला बॉल, टप्पा सरळ लेगच्या बाहेर, तरी आशेवर रिव्ह्यू घेतला, गेला. लगेच पुढच्या ओव्हरला लायनचा बॉल स्टोक्सच्या पॅडवर, अंपायर नॉट आउट, ट्रॅकिंगवर टप्पा, पॅड, स्टम्प तिन्ही लाल, म्हणजे आउट, पण रिव्ह्यूच उरला नव्हता. लायन खेळपट्टीवर आडवा पडलेला. स्टोक्सने मॅच काढली. रिव्ह्यू कधी घ्यायचा नाही हे ज्या कॅप्टनला कळतं तोच त्यात हुशार.

लाइटवाल्या बेल्स पेटल्या की आउट?

बेल स्टम्पवरून पूर्ण निघाली पाहिजे. लाइटचा उपयोग रनआउटला नेमकी फ्रेम सापडायला होतो. २०१९ वर्ल्ड कपला बुमराहचा बॉल वॉर्नरच्या स्टम्पला लागला आणि बेल्स पडल्याच नाहीत, नॉट आउट.

आम्ही मित्र-मित्र खेळतो, मोबाइलवर शूट करून डीआरएस करता येईल का?

आम्ही केलंय. मी अंपायर होतो, कॉट बिहाइंडचं अपील, मी नॉट आउट दिलं, आणि एकजण स्टम्पमागे मोबाइल लावून बसलेला. ३० फ्रेमचा व्हिडिओ, बॉल समजा ९० च्या स्पीडचा, म्हणजे दोन फ्रेममध्ये ८० सेंटीमीटरच्या वर अंतर. एका फ्रेममध्ये बॉल बॅटच्या अलीकडे, पुढच्यात कीपरच्या हातात. आठ जणांनी डोकी घालून आठ वेळा बघितलं, चौघं आउट म्हणाले, चौघं नॉट आउट, आणि कोण कुठल्या टीमचा होता हे सांगायला नकोच. शेवटी बॉल परत टाकला. त्यावर तो बोल्ड झाला आणि म्हणतो नो-बॉल बघा.